दर दिवाळीला नवा भाग: गेम मालिकांच्या दमछाकीची पार्श्वभूमी

२००५ च्या आसपास नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा सिडकोत सायबर कॅफेत पडीक असणाऱ्या पोरांना ‘नीड फॉर स्पीड’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेम मालिकेचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. २००३ ला अंडरग्राउंड, २००४ ला अंडरग्राउंड २, २००५ ला मोस्ट वाँटेड, २००६ ला कार्बन. दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे नवा भाग यायचाच. आता तिशी ओलांडलेली हीच मंडळी भेटली की वाद हमखास रंगतो: दरवर्षी भाग काढून कंपन्यांनी चांगल्या मालिकांची वाट लावली का?

ही प्रथा रुजली ती मैदानी खेळांच्या गेममध्ये. ‘मॅडन’ ही अमेरिकन फुटबॉलची मालिका १९९० पासून दरवर्षी येते, ‘फिफा’ १९९३ च्या अखेरीस सुरू झाली. तिथे कारण रास्त होतं. हंगाम बदलतो, खेळाडू क्लब बदलतात, जर्सी बदलते. शिवाय पाश्चात्त्य देशांत नाताळची खरेदी असते, त्यामुळे वर्षअखेरीचा मुहूर्त कंपन्यांना सोन्यासारखा.

पंचाईत झाली ती हेच गणित गोष्ट सांगणाऱ्या गेमना लावल्यावर. ‘टूम रेडर’चे पाच भाग १९९६ ते २००० या काळात दरवर्षी आले, तेही इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या एकाच स्टुडिओकडून. टीम इतकी कंटाळली होती की १९९९ च्या भागात त्यांनी नायिका लारा क्रॉफ्टला ढिगाऱ्याखाली गाडूनच टाकलं. तरी पुढच्या वर्षी गेम आलाच, तिच्या माघारी जमलेल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणींचा! २००३ चा भाग अर्धाकच्चा निघाला आणि मालिका कोअरच्या हातून काढून अमेरिकेतल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेली.

‘मोस्ट वाँटेड’ची गोष्ट आपल्याकडे जास्त जिव्हाळ्याची. आपली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू सुरुवातीलाच रेझर हा खलनायक लाटतो, आणि ‘ब्लॅकलिस्ट’ या यादीतले पंधरा रेसर एकेक करून हरवल्यावरच ती परत मिळते. मागे पोलिसांच्या गाड्या लागल्या की शेजारच्या पीसीवरचं पोरगंही आपला गेम सोडून बघत बसायचं. हा गेम कॅनडातल्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओचा. त्याच स्टुडिओने २००८ पर्यंत दरवर्षी एक भाग दिला. शेवटी शेवटी थकवा स्क्रीनवरच दिसू लागला. २००८ च्या ‘अंडरकव्हर’मध्ये भरधाव गाडी असताना चित्रच अडखळायचं. पुढचे दोन भाग ही मालिका काढणाऱ्या ईए कंपनीने दुसऱ्या स्टुडिओंकडून करून घेतले आणि २०१३ मध्ये ब्लॅक बॉक्स बंदच झाला.

म्हणून मला वाटतं, दोष ‘दरवर्षी’ या शब्दाला देऊन भागणार नाही. त्याच माणसांना उसंत न देता पुन्हा जुंपलं की मालिका झिजते. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही युद्धाच्या गेमची मालिका २००५ पासून दरवर्षी येते, पण इन्फिनिटी वॉर्ड आणि ट्रेयार्क आलटून पालटून काम करत. २०१४ पासून स्लेजहॅमर हा तिसरा स्टुडिओ पाळीत आला, म्हणजे प्रत्येकाला साधारण तीन वर्षं मिळू लागली. तोचतोचपणाची तक्रार राहिली, पण मालिका टिकली.

नुसती माणसं वाढवूनही भागत नाही. २०१४ चा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ युबिसॉफ्ट कंपनीच्या दहा स्टुडिओंनी मिळून केला. बाजारात आला तेव्हा काही पात्रांचे चेहरेच गायब, हवेत तरंगणारे डोळे आणि दात तेवढे शिल्लक. कंपनीला माफी मागावी लागली, पुढचा जोडभाग फुकट द्यावा लागला. २०१६ मध्ये त्यांनी मुख्य मालिकेला चक्क विश्रांती दिली, आणि २०१७ चा ‘ओरिजिन्स’ हा प्राचीन इजिप्तमधला गेम त्या वेळेचं चीज करणारा निघाला.

याउलट ‘क्रिकेट ०७’. २००६ च्या अखेरीस आलेला हा ईएचा शेवटचा क्रिकेट गेम. त्यानंतर सिक्वेलच नाही. आयपीएल २००८ ची, म्हणजे मूळ गेमला ती ठाऊकच नाही. चाहत्यांनी मात्र पॅच करून करून, म्हणजे गेमच्या फाइली स्वतःच बदलून, नव्या जर्सी, नवी मैदानं, नवे संघ त्यात घातले, वर्षानुवर्षं. पेन ड्राइव्हवरून पॅचची फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायची, फोल्डरमध्ये पेस्ट करायची की संघ ताजा. कॉमेंट्री तेवढी रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचीच. कंपनीने सोडून दिलेला गेम लोकांनी इतकी वर्षं जगवला, हे मला कुठल्याही विक्रीच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

संघ ताजा करायला अख्खा नवा गेम लागत नाही, हे कंपन्यांनाही कळतं. कोनामीने २०२० मध्ये ‘पेस २०२१’ हा फुटबॉलचा गेम नव्या हंगामाचा अपडेट म्हणून कमी किमतीत विकला आणि पुढच्या वर्षी ‘ईफुटबॉल’ फुकट केला. ईएने मात्र २०२३ मध्ये फिफाचं नाव सुटल्यावरही ‘एफसी’ या नावाने दरवर्षी नवा भाग सुरूच ठेवला आहे. गंगापूर रोडच्या गेमिंग कॅफेत दोन कंट्रोलर घेऊन बसणाऱ्यांची त्याला तक्रार नसते. समोर मित्र असला की गेम गेल्या वर्षीसारखाच आहे याने फारसं बिघडत नाही. झळ बसते ती घरी एकट्याने, पूर्ण किंमत मोजून, गोष्टीसाठी खेळणाऱ्याला.