श्वास सोडताना हृदय हळू का चालतं?

गोव्याच्या मोरजी-मांद्रे पट्ट्यात सध्या एक फलक दिसतो : 'बुद्धांच्या प्राचीन तंत्राने व्हेगस नर्व्ह रीसेट करा'. खाली शुल्क छापलंय, ते वाचूनच नाडी वाढते. व्हेगस म्हणजे मेंदूच्या तळातून हृदयापर्यंत संदेश नेणारा मज्जातंतू. तो रीसेट वगैरे होत नाही. तो अहोरात्र कामावरच असतो, आणि ते काम बघायला एक पैसा पडत नाही.

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा, नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि सोडा. घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांमध्ये हे स्पष्ट जाणवतं, वयानुसार कमी होत जातं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये याची नोंद केली होती.

आता यामागची गंमत. हृदयाला स्वतःच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरवर राहतं, कारण व्हेगसने ब्रेक थोडा दाबून धरलेला असतो. श्वास घेताना मेंदूच्या तळातून येणारे व्हेगसचे संदेश रोखले जातात, ब्रेक सैल होतो. सोडताना पुन्हा लागतो. हा ब्रेक रासायनिक आहे, हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्याला दिलं, तर तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते लगेच विघटित होतं, म्हणून व्हेगसचा परिणाम एखाद-दुसऱ्या ठोक्यात दिसतो आणि तितक्याच लवकर ओसरतो.

यात आणखी एक चक्र गुंतलंय. मानेतल्या रोहिणीत रक्तदाब मोजणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगसमार्फत हृदयाला आवरतो, दाब उतरतो. या फेऱ्याला विलंब लागतो, त्यामुळे त्याचं स्वतःचं आंदोलन साधारण दहा सेकंदांचं असतं. मिनिटाला सहा श्वास घेतले तर श्वासाची लय आणि दाबाची लय जुळतात, आणि हृदयगतीतले चढउतार सर्वांत मोठे होतात. भौतिकशास्त्रात यालाच अनुनाद म्हणतात.

पण आनापानसतीत, म्हणजे बुद्धांनी शिकवलेल्या श्वासाच्या ध्यानात, श्वास मोजूनमापून लांबवायला सांगितलेलंच नाही. लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) घरदार सोडून श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि पाली ग्रंथांतला बुद्ध त्यांनी मराठीत आणला. त्या बुद्धाकडे नसा दुरुस्त करण्याचा दावा नाही. सुखदुःखाच्या संवेदनेतून तृष्णा कशी उपजते ते पाहा, एवढंच त्याचं सांगणं.

रायबंदरच्या धक्क्यावर हे पाहता येतं. पलीकडे चोडण बेटावर जायचंय, रांगेत आपला नंबर येतो आणि नेमका तिथेच खलाशी हात आडवा करतो. फेरीबोट भरली. कानशिलं तापतात, जबडा आवळतो, अंगठा हॉर्नकडे जातो. हे काम शरीराला झुंजायला सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेचं आणि रक्तात उतरलेल्या ॲड्रेनॅलिनचं. त्यांना चढायला काही सेकंद लागतात, उतरायला त्याहून जास्त. म्हणून पुढची बोट लागल्यावरही आपण धुसफुसतच असतो. तापलेली कानशिलं फक्त जाणवून घेतली, तर हॉर्न दाबायलाच हवा असं काही राहत नाही. राग मात्र आपल्या वेळेनेच उतरतो. तो क्षणात विरतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रक्तदाबाची गोळी सोडून ध्यानाला बसा म्हणणाऱ्यावर तर मुळीच नको.

आणि शिबिरात जोरजोरात, भराभर श्वास घेतल्यावर बोटांना झिणझिण्या येतात, डोकं हलकं होतं, तेव्हा 'कुंडलिनी हलली' असं सांगतात. हलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो रक्तातून प्रमाणाबाहेर बाहेर गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. नेहमीसारखा श्वास सुरू केला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं.