महानगरपालिकेचा उद्यान विभाग

शहरातील सार्वजनिक उद्याने, मोकळी मैदाने, रस्त्याकडेची झाडे आणि दुभाजकांवरील लागवड यांची आखणी, उभारणी व निगा पाहणारे महानगरपालिकेचे खाते. मुंबईत ‘उद्यान खाते’ आणि पुण्यात ‘उद्यान विभाग’ हे नाव रूढ आहे. खात्याचा प्रमुख उद्यान अधीक्षक असतो. त्याच्या हाताखाली सहायक अधीक्षक, उद्यान निरीक्षक, मुकादम, माळी व बिगारी अशी उतरंड असते. काही शहरांत क्रीडांगणे वेगळ्या क्रीडा विभागाकडे दिलेली असतात. त्यामुळे एकाच कुंपणात बाग एका खात्याची आणि कबड्डीचे मैदान दुसऱ्याचे, अशी स्थिती पाहायला मिळते.

अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात १८८३ पासून उद्यानांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. त्याचे नऊ सदस्य मतदार थेट निवडून देतात. महाराष्ट्रात अशी व्यवस्था नाही. येथे उद्यान विभाग हे आयुक्तांच्या अखत्यारीतील अनेक खात्यांपैकी एक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, मलनिःसारण ही कामे बंधनकारक कर्तव्यांत आहेत, तर उद्याने व क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत (शहरी स्थानिक संस्थांकडे द्यायच्या कामांच्या यादीत) उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा उल्लेख आला, पण ‘ऐच्छिक’ हा शिक्का पुसला गेला नाही. अंदाजपत्रकाला कात्री लावताना उद्यान विभागाची पाळी लवकर का येते, याचे एक कारण येथे सापडते. झाडांच्या बाबतीत मात्र १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण नावाची वैधानिक यंत्रणा उभी केली आहे. तिच्या खर्चासाठी मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर वेगळा आकारला जातो.

जमीन : आरक्षणापासून ताब्यापर्यंत

बागेची सुरुवात होते ती विकास आराखड्यावर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. आधी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप आराखडा बनतो. तो प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. या हरकतींची सुनावणी नियोजन समिती घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. शेवटची मंजुरी राज्य शासनाची असते.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित पण निर्णायक कडी म्हणजे विद्यमान भूवापराचा नकाशा. वर्षानुवर्षे मुले खेळत असलेली जागा या नकाशावर ‘मोकळा भूखंड’ किंवा ‘निवासी’ म्हणून रंगवली गेली, तर पुढच्या आराखड्यात तिच्यावर मैदानाचे आरक्षण पडण्याची शक्यता फार कमी होते. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचे पहिले प्रारूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की शासनाने ते बाजूला ठेवून नव्याने काम करायला लावले. अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. आपल्या प्रभागाची पत्रके उघडून प्रत्येक भूखंडाचा रंग तपासण्याचे काम अशा वेळी नागरिकांनाच करावे लागते, आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

आरक्षण पडले म्हणजे जमीन मिळाली असे नव्हे. याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे ताब्याचे तीन मार्ग आहेत: वाटाघाटीने खरेदी, रोख रकमेऐवजी टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र, आणि भूसंपादन. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या भागात जमिनीच्या तिप्पट आणि इतरत्र दुप्पट टीडीआर देण्याची तरतूद आहे. मालकाने जागा बोजाविरहित, समतल करून व कुंपण घालून द्यावी अशी अट असते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत यांपैकी काहीच झाले नाही, तर कलम १२७ लागू होते. मालक खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी लेखी नोटीस) बजावतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता ठराव करून प्रस्ताव पुढे पाठवणे म्हणजे ‘पाऊल’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (२००७) स्पष्ट केले. बागेची जागा हातची जाते ती बहुतेक वेळा या २४ महिन्यांत. सूचना एका खात्यात येते, निधीची तरतूद दुसऱ्या खात्यात अडते आणि मोजणी तिसऱ्या कार्यालयात रखडते. म्हणून खरेदी सूचना आल्या दिवसापासूनची तारीखवार नोंदवही ठेवणे हे उद्यान आणि विकास योजना या दोन्ही विभागांचे पहिले काम ठरते.

ताबा पावतीवर सही झाल्यावरही एक गोष्ट राहते, ती म्हणजे मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर महानगरपालिकेचे नाव चढवणे. हे राहून गेले तर वीस वर्षे चाललेल्या बागेवर मूळ मालकाचे वारस दावा सांगू शकतात.

मोठ्या गृहप्रकल्पांतील मोकळी जागा हा वेगळा प्रकार आहे. एकत्रित नियमावलीप्रमाणे ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मुंबईत स्वतंत्र नियम असून भूखंडाच्या आकाराप्रमाणे हे प्रमाण १५, २० व २५ टक्के असे चढत जाते. ही जागा तेथील रहिवाशांची सामाईक असते. ती महानगरपालिकेची सार्वजनिक बाग नव्हे, आणि तिच्या देखभालीची तक्रार उद्यान विभागाकडे करून उपयोग होत नाही. वाहनतळाच्या छतावर हिरवळ अंथरून ही अट भागवता येत नाही, किमान प्रमाण जमिनीवरच मिळाले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कोहिनूर प्रकरणात (२०१३) सांगितले. त्यामागचे कारण सरळ आहे. छतावरच्या मातीत वड वाढत नाही आणि पावसाचे पाणी भूगर्भात मुरत नाही.

आराखडा आणि उभारणी

चांगल्या बागेचा आराखडा पाण्यापासून सुरू होतो. उन्हाळ्यात हिरवळीला दररोज सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर पाणी लागते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौ.मी. एवढ्या हिरवळीला दिवसाला जवळपास २०,००० लिटर पाणी हवे. म्हणजे दहा हजारी टँकरच्या रोज दोन खेपा झाल्या. हा हिशेब न करता आखलेली बाग मे महिन्यात पिवळी पडते. पिण्याचे पाणी बागेला वापरणे परवडणारे नाही. म्हणून बोअरवेल, जुनी विहीर किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी यांपैकी काय मिळेल, ते आधी पाहायचे आणि त्या मापाने हिरवळ ठरवायची. उरलेल्या जागेत झाडांची सावली, कमी पाण्याची झुडपे व मुरमाच्या वाटा असाव्यात. प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या नळावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी लागते, आणि ते तुषार सिंचनाने उडवण्यापेक्षा ठिबकने द्यावे.

मोठ्या झाडासाठी खड्डा किमान ३ × ३ × ३ फुटांचा घेतात. पावसाळ्यापूर्वी महिनाभर तो उन्हात तापू देतात आणि पोयटा माती व कुजलेले शेणखत साधारण दोनास एक या प्रमाणात भरतात. शहरातील बहुतेक भूखंडांवर राडारोड्याची भर असते. तिच्यातील चुना, सिमेंट यांमुळे माती अल्कधर्मी होते आणि रोपे पिवळी पडतात. खत वाढवून हा दोष जात नाही. भर काढून माती बदलावीच लागते. कंत्राटदार नेमका हाच खर्च वाचवतो, कारण वरून पसरलेल्या सहा इंच लाल मातीखाली काय आहे ते उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही. निरीक्षकाने मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्यापूर्वी पाच-सहा ठिकाणी पहारीने खणून पाहिले पाहिजे.

झाडांच्या निवडीत तामण, बहावा, करंज, कडुनिंब ही भरवशाची नावे. वड-पिंपळांना भिंतीपासून व जलवाहिनीपासून किमान दहा मीटर अंतर द्यावे. गुलमोहर व पेल्टोफोरम (सोनमोहर) लवकर सावली देतात, पण त्यांचे लाकूड ठिसूळ असते. वादळी वाऱ्यात मोडणाऱ्या झाडांत ती पुढे असतात, म्हणून बाकांवर किंवा खेळणी असलेल्या भागावर त्यांची फांदी येऊ नये. दर चौरस मीटरला तीन-चार रोपे लावणारी मियावाकी पद्धत अलीकडे लोकप्रिय झाली आहे. तिने दाट झाडोरा तयार होतो, पण त्यात माणसाला फिरायला जागा नसते. म्हणून बागेच्या आरक्षणावर ती सरसकट लावणे योग्य नाही.

वाट दोन माणसांना शेजारी चालता येईल अशी, म्हणजे किमान १.८ मीटर ठेवतात. तिला एका बाजूला एक ते दोन टक्के उतार देतात. चढणीचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. दुचाकी आत येऊ नये म्हणून प्रवेशद्वाराला नागमोडी अडसर बसवतात. तो चुकीच्या मापाने बसला तर चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी बाहेरच राहतात. मोकळे अंतर ९० सेंमी.पेक्षा कमी नको. झुडपी कुंपणे कंबरेच्या खाली आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर ठेवल्या की मधली नजर मोकळी राहते. स्त्रिया संध्याकाळनंतर बागेत थांबतात की नाही, हे दिव्यांच्या संख्येपेक्षा या मोकळ्या नजरेवर अधिक अवलंबून असते.

खेळण्यांखाली ३० सेंमी. वाळू किंवा रबरी लाद्या हव्यात. वाळू रोज चाळावी लागते, कारण तिच्यात काचा आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा येते. रबरी लाद्यांचा डिंक पहिल्या दोन पावसाळ्यांत सुटतो आणि कडा उचलल्या जातात. झोपाळ्याच्या पुढे-मागे धावणारी मुले येणार नाहीत इतके अंतर सोडले नाही, तर सर्वाधिक दुखापती तेथेच होतात. दिव्यांच्या खांबांना अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. त्याची चाचणी दर मे महिन्यात लेखी नोंदवावी. ओल्या हिरवळीवर अनवाणी चालणाऱ्या माणसाचा जीव या एका नोंदीवर असतो.

देखभाल आणि देखरेख

बाग बांधणे भांडवली खर्चात मोडते आणि सांभाळणे महसुली खर्चात. नगरसेवकाच्या निधीतून नवी बाग सहज उभी राहते, पण तिच्यासाठी माळ्याचे पद निर्माण होत नाही. निवृत्त माळ्यांच्या जागा भरल्या जात नसल्याने बहुतेक बागा आता दोन-तीन वर्षांच्या देखभाल कंत्राटावर चालतात. पूर्वगणनपत्रकापेक्षा (खात्याने आधी काढलेल्या खर्चाच्या अंदाजापेक्षा) फार खाली आलेली निविदा हा धोक्याचा इशारा असतो. या कामात मजुरी हाच मोठा खर्च असल्याने दर उतरला की कपात माणसांत होते. कागदावर सहा माळी आणि बागेत दोन. म्हणून कंत्राटात ‘बाग नीट ठेवावी’ असे मोघम कलम न लिहिता मोजता येणारी कामे लिहावीत: हिरवळीची कापणी पावसाळ्यात आठवड्याला, उन्हाळ्यात पंधरवड्याला, आळ्यांची खुरपणी महिन्यातून एकदा, मेलेले रोप पंधरा दिवसांत बदलणे, स्वच्छतागृह दिवसातून दोनदा. प्रत्येक कामापुढे दंडाची रक्कम असावी. पालापाचोळा जाळू न देता बागेतच खतखड्डा करून जिरवला, तर शेणखताची खरेदी कमी होते.

मुंबईत काही मैदाने व बागा खासगी संस्थांना देखभालीसाठी दत्तक देण्याचा प्रयोग झाला. त्यांपैकी काही ठिकाणी सभासदांचे क्लब उभे राहिल्याने तो वादात सापडला. दत्तक योजना वाईट नाही. करारात पक्के बांधकाम, प्रवेशशुल्क आणि मुदतवाढ या तीन बाबी बंद केल्या असतील तरच ती टिकते. उद्यानासाठी राखलेली जागा लोकांची असते आणि ती खासगी रुग्णालयासारख्या चांगल्या वाटणाऱ्या कामासाठीही वळवता येत नाही, हे बंगळूरच्या मुद्दप्पा प्रकरणात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे.

झाडे

वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. मुंबईच्या २०१८ मध्ये संपलेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली. त्यांत रस्त्याकडेची सुमारे १ लाख ८५ हजार आणि उद्यानांतली सुमारे १ लाख. म्हणजे शहराची बहुतांश सावली खासगी व सरकारी आवारांत आहे, आणि तिचे संरक्षण केवळ तोडणीच्या परवानगीवर अवलंबून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पाच वर्षांहून मोठी २०० किंवा अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने केली होती. भरपाईदाखल तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आधी झाडावर नोटीस चिकटवून हरकतींसाठी सात दिवस दिले जातात. आदेशात भरपाईच्या झाडांची जागा भूखंड क्रमांकासह लिहिली आहे का, ते हरकत घेणाऱ्याने पाहावे. ‘योग्य ठिकाणी’ असे लिहिलेली झाडे नंतर मोजता येत नाहीत.

पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत उरकतात. ती समतोल असावी लागते. रस्त्याच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या छाटल्या, की झाडाचा भार एकीकडे जातो आणि जूनच्या वाऱ्यात ते इमारतीकडे कलंडते. झाडे पडण्याची खरी कारणे बहुधा जमिनीखाली असतात: बुंध्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉक व काँक्रीट, आणि केबल किंवा गटारासाठी खणताना तोडलेली मुळे. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी. चर खणण्याची परवानगी देणाऱ्या रस्ते विभागाने उद्यान निरीक्षकाला आधी कळवावे. खोदकामात मुळे उघडी पडली तर यंत्र थांबवून हाताने खणावे आणि मनगटाएवढी मुळे न तोडता नळी त्यांच्याखालून न्यावी. बहुतेक शहरांत ही पूर्वसूचना दिली जात नाही, आणि निरीक्षकाला चर दिसतो तो बुजवल्यानंतर.