ब्लॅकवॉटर अर्क

वाळलेली पाने पाण्यात उकळून किंवा भिजवून काढलेला गडद तपकिरी अर्क. मत्स्यालयाच्या पाण्यात तो मिसळला की पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो आणि काळ्या पाण्याच्या नद्यांतून आलेल्या माशांना ओळखीचे वातावरण मिळते.

अशा नद्यांत सर्वांत मोठी म्हणजे ब्राझीलमधील रिओ नेग्रो. तिच्या खोऱ्यातील बराच भाग रेताड आहे. जंगलात कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून सुटलेली ह्यूमिक द्रव्ये ही रेती धरून ठेवत नाही, ती थेट नदीत उतरतात. त्यामुळे पाणी काळसर, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित असते. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५३ मध्ये ॲमेझॉन खोऱ्यातील नद्यांची पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या पाण्याच्या अशी वर्गवारी केली होती. कार्डिनल टेट्रा याच काळ्या पाण्यातला मासा.

अर्कासाठी सर्वाधिक वापर होतो तो देशी बदामाच्या पानांचा. आग्नेय आशियात बेट्टा म्हणजे फायटर मासे पाळणारे ही पाने पूर्वीपासून वापरत आले आहेत. कोकण, गोवा आणि मुंबईत हे झाड रस्तोरस्ती दिसते आणि त्याची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात. आपोआप गळून पूर्ण वाळलेलीच पाने घ्यावीत. हिरव्या पानांत साखर आणि रस शिल्लक असल्याने ती पाणी नासवतात. वर्दळीच्या रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेल्या झाडाची पाने टाळावीत.

पाने धुऊन, चुरून स्टीलच्या पातेल्यात घालतात. लोखंडाची कढई नको, कारण पानांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी प्रक्रिया होते. दोन लिटर पाण्याला आठ-दहा मोठी पाने पुरतात. मंद आचेवर अर्धा ते एक तास उकळून अर्क गार करतात, दाट कापडातून गाळतात आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवतात. बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला तर तो टाकून द्यावा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : पाणी तपकिरी झाले म्हणजे ते मऊ (कमी क्षारांचे) आणि आम्लधर्मी झाले, असे मानले जाते. तसे होत नाही. पाण्यातील बायकार्बोनेट आम्लाला निष्प्रभ करतात. दख्खनच्या पठारावरील अनेक बोअरवेलच्या जड पाण्यात कितीही अर्क ओतला तरी रंग बदलतो, पीएच म्हणजे आम्लतेचे माप जवळपास तिथेच राहते आणि पाण्याचा जडपणा तर अर्काने कमी होतच नाही. म्हणून आधी आरओचे किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी मिसळून जडपणा उतरवावा, मग अर्क घालावा. उलट अशा मऊ पाण्यात आम्लाला निष्प्रभ करणारे बफर, म्हणजे बायकार्बोनेट, फारसे नसल्याने पीएच झपाट्याने घसरू शकतो. तेव्हा अर्क थोडा-थोडा, काही दिवसांत विभागून घालणे आणि पीएच मोजत राहणे आवश्यक ठरते. एकदम जास्त ओतल्यास जिवाणू वाढून पाणी दुधाळ होते, प्राणवायू कमी पडतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

जड पाण्यातही अर्क अगदी निरुपयोगी नसतो. ह्यूमिक द्रव्ये काही जड धातूंना बांधून ठेवतात, बुरशी व काही जिवाणूंना आवर घालतात आणि मंद झालेल्या उजेडात बुजरे मासे मोकळे फिरतात. आजारावरचे औषध म्हणून मात्र त्यावर विसंबू नये. उजेड घटल्याने जास्त प्रकाश लागणाऱ्या वनस्पती खुरटतात, अनुबियास आणि जावा फर्न तग धरतात. मॉली किंवा मलावी सरोवरातील सिक्लिड यांसारख्या जड पाण्याच्या माशांना ब्लॅकवॉटरची गरज नाही. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर अर्क घालण्यापूर्वी तो काढावा, एरवी रंगासह ही द्रव्येही तो शोषून घेतो.