रोध आणि शक्ती: त्याच दोन आकड्यांचा भागाकार आणि गुणाकार

गीझरच्या अंगावरच्या पट्टीवर ‘230 व्होल्ट, 2000 वॅट’ असे छापलेले असते. पूर्ण व्होल्टेजवर तो चालू असताना क्लॅम्प मीटरने (तारेभोवती जबडा अडकवून धारा मोजणाऱ्या मीटरने) मोजले, तर सुमारे 8.7 अँपिअर धारा दिसते. (मीटरच्या जबड्यात एकच तार घ्यावी, दोन्ही तारा एकदम घेतल्या, तर त्यांचे परिणाम एकमेकांना पुसतात आणि मीटर शून्य दाखवतो.) 230 व्होल्ट आणि 8.7 अँपिअर या दोन आकड्यांचा भागाकार केला की 26.4 ओहम मिळतात आणि गुणाकार केला की सुमारे 2000 वॅट. भागाकार म्हणजे रोध, अर्थात धारेला होणारा अडथळा, आणि गुणाकार म्हणजे शक्ती. राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात ओहमचा नियम येतो आणि दहावीच्या पुस्तकात विद्युत शक्ती. वर्षभराच्या अंतराने शिकलेली ही दोन सूत्रे शेजारी ठेवून पाहण्याची वेळ बहुतेकांवर येतच नाही, आणि माझ्या मते रोध आणि शक्ती यांच्यातल्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

रोध हा त्या वस्तूचा गुण आहे. गीझरमधली तार किती लांब, किती जाड आणि कोणत्या धातूची, यावर तो ठरतो, आणि गीझर बंद करून, प्लग काढून रोध मोजणारा मल्टिमीटर लावला तरी तो जवळपास तेवढाच मिळतो. शक्ती मात्र बंद गीझरमध्ये नसतेच. दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते आहे, हे ती सांगते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष धारा वाहावी लागते.

संध्याकाळी गावात व्होल्टेज 180 पर्यंत उतरते, तेव्हा हा फरक सहज तपासता येतो. धारा 6.8 अँपिअरवर येते. 180 ला 6.8 ने भागले, तर उत्तर पुन्हा सुमारे 26.4 ओहमच येते, कारण तार तीच आहे. गुणाकार मात्र सुमारे 1225 वॅटवर घसरतो. व्होल्टेज 22 टक्क्यांनी कमी झाले, तर शक्ती जवळजवळ 39 टक्क्यांनी उतरली, कारण व्होल्टेजबरोबर धाराही घटते आणि गुणाकारात दोन्हींची घट एकत्र मोजली जाते. जे पाणी एरवी 15 मिनिटांत तापते, त्याला त्या संध्याकाळी 25 मिनिटे लागतात. गीझर बिघडलेला नसतो. पट्टीवरचे 2000 वॅट हे फक्त 230 व्होल्टपुरतेच खरे असतात.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की रोध जितका जास्त तितकी उष्णता जास्त. जुने तारेचे बल्ब घेऊन पाहू. 230 व्होल्टवर 100 वॅटच्या बल्बचा रोध 529 ओहम असतो आणि 40 वॅटच्या बल्बचा सुमारे 1322 ओहम. म्हणजे घरात जो जास्त उजळतो, त्याचाच रोध कमी. घरातल्या जोडणीत प्रत्येक बल्बला तेच व्होल्टेज मिळते, त्यामुळे ज्याचा रोध कमी तो जास्त धारा ओढतो आणि जास्त शक्ती वापरतो. तेच दोन बल्ब एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले, तर चित्र उलटते: आता धारा दोघांतून एकच वाहते, सुमारे 0.12 अँपिअर, आणि 40 वॅटचा बल्ब सुमारे 20 वॅट, तर 100 वॅटचा जेमतेम 8 वॅट वापरतो. (तार कमी तापली की तिचा रोधही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतात, पण उजळतो 40 वॅटचाच.) तेव्हा रोध वाढला की शक्ती वाढते की घटते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. व्होल्टेज ठरलेले असेल तर घटते. धारा ठरलेली असेल तर वाढते.

हा हिशेब गीझर, इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या उपकरणांना नीट लागू पडतो. पंख्याच्या मोटरला तो तसाच लावू नये, कारण तिथे व्होल्टेज आणि धारा यांची लय जुळत नाही आणि दोन्हींचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा मोठा येतो.

धारा ठरलेली असल्याचे रोजचे उदाहरण म्हणजे गीझरचा प्लग. सॉकेटमधली पकड सैल झाली की पिन आणि तिला धरणारी सॉकेटमधली धातूची पत्री यांच्यात थोडा रोध तयार होतो, समजा अर्धा ओहम. गीझरच्या 26 ओहमपुढे तो इतका किरकोळ, की धारा 8.7 वरून फार तर 8.5 अँपिअर होते आणि पाणी नेहमीसारखेच तापते, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. पण त्या सैल जागी 8.5 गुणिले 8.5 गुणिले 0.5, म्हणजे सुमारे 36 वॅट उष्णता सतत निर्माण होत असते. साध्या सोल्डरिंग आयर्नमध्ये, म्हणजे तारा डाखण्याच्या तापत्या हत्यारात, जेवढी उष्णता निर्माण होते, जवळपास तेवढी ही उष्णता पिनेच्या टोकाशी साठते. आधी पितळ काळपट पडते, मग सॉकेटच्या भोकाभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळू लागते. असा डाग दिसला, किंवा मेन स्विच बंद करून काढलेल्या प्लगच्या पिनांचा चटका बसला, तर पिना घासून तोच सॉकेट पुन्हा वापरू नये. इलेक्ट्रिशियनकडून 16 अँपिअरचा नवा सॉकेट बसवून घ्यावा आणि प्लगही बदलावा.