खोलीच्या मधोमध बेस जातो कुठं?

गणपती झाले की दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू होतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात वूफर, म्हणजे बेसचे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, ऐकून माणूस खूश होतो, घरी आणतो, टीव्हीखाली ठेवतो, सोफ्यावर बसतो आणि म्हणतो, दुकानात छातीत धडधडत होतं, इथं कायच नाही. मग मित्रांचा सल्ला ठरलेला, "आठ इंची घेतलास व्हय, बारा इंची घ्यायचा की!" माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. वूफर तोच आहे, बदलली आहे ती खोली, आणि १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) खाली तुम्हाला काय ऐकू येणार हे बरंचसं खोलीच ठरवते.

शाळेतलं सूत्र आठवा, वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. म्हणजे ३००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेचार इंचाची, पण ५० हर्ट्झची साडेबावीस फुटांची! १० बाय १२ च्या खोलीत ती अख्खी मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत येते, जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात, आणि जिची निम्मी लांबी बरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसते ती तिथंच ठाण मांडते. हीच स्टँडिंग वेव्ह.

जुन्या वाड्यातल्या चौकोनी हौदात फळीनं एका लयीत पाणी ढकलून बघा. दोन्ही कडांना पाणी वरखाली होतं, मधोमध मात्र पातळी जवळजवळ हलत नाही, तिथं पाणी नुसतं आडवं इकडून तिकडं सरकतं. खोलीतल्या हवेचंही तेच, फक्त पातळीच्या जागी दाब धरा. भिंतीपाशी हवेला पुढं जायला वाट नाही म्हणून तिथं दाब जास्तीत जास्त कमीजास्त होतो, आणि मधोमध हवा जोरात हलते पण दाब जवळपास बदलत नाही. आपल्या कानाला दाबातला बदलच कळतो, त्यामुळं खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसलात तर तो सूर जवळजवळ गायब, आणि पाणी प्यायला उठून दारापाशी गेलात की तिथं घुमतोय. आवाज वाढवूनही उपयोग नाही, कारण जाणारी लाट वाढते तशी तिला मारणारी परतीची लाटही वाढते. इक्वलायझरनं (वेगवेगळे सूर कमीजास्त करायच्या सोयीनं) घुमणारा सूर खाली आणता येतो, पण हा खड्डा भरता येत नाही.

आता हिशोब. ११३० ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागा. १२ फुटांला ४७ हर्ट्झ, १० फुटांला ५६, आणि छतही १० फुटांवर असेल तर परत ५६, म्हणजे एकाच सुरावर दुहेरी मार. शिवाय दोन दिशांच्या भिंतींवर आपटत फिरणाऱ्या तिरप्या लाटा असतात, त्यांच्यासाठी दोन आकड्यांचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ, म्हणजे ४७ आणि ५६ मिळून ७३, ५६ आणि ५६ मिळून जवळपास ८०. बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्झची आणि डी तार ७३ ची, दोन्ही या आकड्यांवर जाऊन बसतात आणि घुमतात, आणि मधला ६५ चा सी मात्र बापुडा होतो. वाजवणाऱ्यानं तिन्ही सूर सारख्याच जोरानं छेडलेले असतात बरं का! १० बाय १० बाय १० ची खोली सगळ्यात वाईट, तिन्ही दिशांना एकच आकडा.

वीट आणि स्लॅबच्या फ्लॅटमध्ये हे जास्त जाणवतं, कारण जड भिंत बेस परत फेकते. कौलारू घरात त्यातला बराचसा वरून निसटून जातो.

यावर उपाय म्हणून लोक भिंतीला अंड्यांचे ट्रे नाहीतर इंचभर फोम चिकटवतात. फोम हलत्या हवेला अडवून तिची ऊर्जा खातो, आणि भिंतीला लागून तर हवा हलतच नाही, मग तो खाणार काय? ५६ हर्ट्झला हवा सगळ्यात जोरात हलते ती भिंतीपासून ५ फुटांवर. पातळ फोमनं वरचे सूर तेवढे मरतात आणि घुमणारा बेस आहे तसाच राहतो. वूफर विजेचा म्हणून आग्नेय कोपऱ्यात ठेवा असं सांगणारेही भेटतात, पण लाटेला आग्नेय आणि नैऋत्य कोपरा सारखाच, तिला फक्त भिंती किती लांब आहेत याच्याशी मतलब. आणि खोक्यावरचे हजारो वॅट पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद म्हणून छापलेला आकडा) वाचून तर वूफर घेऊच नका, त्या आकड्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही.

कोपऱ्यात वूफर मोठा वाजतो हे मात्र खरं, कारण तिथं सगळ्याच लाटांचा दाब जास्त असतो. पण त्या सगळ्या एकदम उठतात, म्हणून आवाज मोठा पण गढूळ. भिंतीपासून ३ फुटांवर ठेवलात तर मागून परतणारी लाट ६ फूट जादा फिरून येते आणि ९४ हर्ट्झच्या आसपास सरळ आवाजाला मारते. म्हणून एक तर भिंतीच्या अगदी जवळ, नाहीतर पुरेसा लांब.

मग जागा शोधायची कशी? वूफर आणि कान यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी ऐकू येणारा परिणाम तोच राहतो, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९व्या शतकातच हे गणितानं दाखवलंय. म्हणून सोफा आधी मधल्या जागेवरून हलवून मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर आणा आणि वूफर चक्क सोफ्यावर, कानाच्या उंचीला ठेवा. बेस गिटार वरखाली फिरत राहील असं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं कान जमिनीलगत नेत सरका. दोन पावलांवर सूर फुगलेला, पुढं अजिबात नाही, हे इतकं स्पष्ट ऐकू येतं की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. जिथं सगळे सूर त्यातल्या त्यात सारखे वाटतील तिथं वूफर ठेवा. मग ती जागा टीव्हीखाली नसली तरी चालेल, एवढ्या खालच्या सुरांची दिशा कानाला नीट कळतच नाही.