ॲल्युमिनियम गंजत नाही, पण खारं पाणी त्याला सोडत नाही

पुण्यात बोटींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पाँटून बोट ॲल्युमिनियमची, तिला गंज कसला? पवनेत चालते तशी मुरूडलाही चालेल." (पाँटून म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट.) यातलं अर्धंच खरं आहे.

लोखंडासारखा तांबडा गंज ॲल्युमिनियमला चढत नाही, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि नळकांड्यांना बारीक खड्डे पडतात. स्टीलचे बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकतात तिथे तर खारं पाणी दोन धातूंत बॅटरीच तयार करतं, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम.

म्हणून ॲनोड लावतात, म्हणजे बोटीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. धरणाच्या गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा वापरतात. तोच समुद्रात नेला तर भराभर संपतो. तिथे जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा हवा. निम्मा झिजला की बदलायचा. आणि त्याला रंग फासायचा नाही, नाहीतर तो नुसता शोभेला!

दुसरं टोकही चूक: "पाँटून समुद्रात नेऊच नये." शांत खाडीत खुशाल न्या, उधाणात नको. परतल्यावर बोट, ट्रेलर धुवा, इंजिनातूनही गोडं पाणी फिरवा. बोट पाण्यातच ठेवणार असाल तर तळाला शेवाळरोधक रंग लागेल, मात्र तांबं असलेला नेहमीचा नको. तो ॲल्युमिनियमच खातो.