नशीब फुटकं म्हणून सोडून दिलेले फुटबॉलर

एखादा प्लेअर सारखा बाहेर बसायला लागला की लोक सरळ ‘काचेचा आहे’ म्हणून मोकळे होतात. पण मागे जाऊन बघितलं तर बऱ्याच केसेसमध्ये पाय दुखत असताना त्याला मैदानात उतरवायचं कुणीतरी ठरवलेलं असतं.

अर्थात काही वेळा खरंच नशीब असतं. इंग्लिश स्ट्रायकर ब्रायन क्लफचंच घ्या, 26 डिसेंबर 1962, तो संडरलंडकडून खेळत होता, समोर ‘बरी’ नावाचा क्लब, गोलकीपरशी टक्कर झाली आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं. वय 27, लीगमध्ये 250 च्या आसपास गोल, आणि त्या काळात हे लिगामेंट तुटलं म्हणजे खेळ खल्लास. नंतर परत यायचा प्रयत्न केला पण 3 लीग मॅचेसमध्येच विषय संपला. इंग्लिश लीगमध्ये तेव्हा सब्स्टिट्यूट हा प्रकारच नव्हता, तो आला 1965 ला, तोही फक्त कुणी जखमी झाला तरच. त्याआधी लंगडणाऱ्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला नेऊन उभं करायचे आणि मॅच पुढे चालू!

आता नेदरलँड्सचा स्ट्रायकर व्हॅन बास्टन. त्याच्या घोट्याचं दुखणं इटलीच्या मिलान क्लबला गेल्यावर सुरू झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते सुरू झालं आधीच्या डच क्लबमध्ये, आयॅक्समध्ये, डिसेंबर 1986 ला, तेही त्याने स्वतःच केलेल्या टॅकलमध्ये. मग कोच क्रायफशी त्याचं ठरलं की ट्रेनिंग आणि लीगच्या काही मॅचेस सोडल्या तरी चालेल पण युरोपातल्या मॅचेस खेळायच्या. मे 1987 मध्ये अथेन्सला कप विनर्स कप या युरोपातल्या स्पर्धेची फायनल, 1-0, गोल त्याचाच. कप आला पण घोटा काही धड झाला नाही. पुढे 3 बॅलन डी’ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम प्लेअरचा अवॉर्ड), मागून बसणारे टॅकल, ऑपरेशनवर ऑपरेशन, आणि 1993 ची म्युनिकची चॅम्पियन्स लीग फायनल ही शेवटची मॅच, तेव्हा वय फक्त 28! 1995 ला रिटायरमेंट जाहीर केली. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट रेड कार्ड द्यायची सक्ती 1998 च्या वर्ल्ड कपला झाली, म्हणजे याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

इंग्लंडचा स्ट्रायकर मायकल ओवेन 17व्या वर्षापासून लिव्हरपूलच्या सिनियर टीममध्ये, विश्रांती अशी नाहीच. एप्रिल 1999 ला लीड्सविरुद्ध स्प्रिंट मारताना हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटला, वय 19. 2001 ला बॅलन डी’ऑर मिळाला खरा, पण ती दुखापत नीट भरलीच नाही आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे झालो नाही असं तो स्वतःच सांगतो. मग 2006 च्या वर्ल्ड कपला स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला आणि पगार देत बसलं त्याचा तेव्हाचा क्लब न्यूकॅसल! क्लबने भरपाईसाठी भांडण काढलं. देशाकडून खेळताना प्लेअर जखमी झाला तर क्लबला पैसे देणारी फिफाची योजना आली 2012 ला. पैशाचा प्रश्न सुटला, पायाचा नाही.

ब्राझीलच्या रोनाल्डोची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, एप्रिल 2000 ला इंटर मिलानकडून लाझिओविरुद्ध कमबॅक आणि जेमतेम 6-7 मिनिटांत गुडघ्याचा टेंडन पूर्ण तुटला. 2002 ला 8 गोल मारून वर्ल्ड कप जिंकला म्हणून ती कमबॅकची गोष्ट झाली, पण इंटरच्या फॅन्सना विचारा त्यांच्या हाताला काय लागलं ते. इंग्लिश डिफेंडर वुडगेटचं तर हसावं की रडावं कळत नाही, रियाल माद्रिदने 2004 ला घेतला, वर्षभर बाहेर, आणि पदार्पणातच सेल्फ गोल प्लस रेड कार्ड.

आता ऑपरेशनं सुधारलीत पण मॅचेस किती वाढल्यात बघा. स्पेनचा पेद्री 2020-21 मध्ये बार्सिलोना, युरो आणि लगेच ऑलिम्पिक धरून 70 च्या वर मॅचेस खेळला, वय 18, आणि पुढची दोन-तीन वर्षं मांडीच्या दुखापती. तेव्हा त्यालाही ‘काचेचा’ म्हणून झालं. 2024 ला बार्सिलोनात कोच फ्लिक आणि नवा फिटनेस स्टाफ आला आणि तोच पोरगा जवळपास अख्खा सीझन खेळला, मग आधी नक्की काय चुकत होतं?